विहीणबाईंना कुठली गाणी ऐकवू?

पत्राचा सारांश: पत्र कोथरूडच्या एका वाचक ताईंचं आहे. वय 67. धाकटी मुलगी फ्रान्समध्ये लियोंला असते, जावई तिथलेच. जावयांच्या आई, जन्म 1957 चा, जानेवारीत तीन आठवड्यांसाठी पुण्याला येत आहेत. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. दोघी विहिणींना एकमेकींची भाषा येत नाही. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, बाकी मुलगी दुभाषी. लग्नात मात्र जुन्या गाण्यांवरून दोघींचं सूत जुळलं होतं. ताईंना थोरल्या भावाच्या रेकॉर्डींमुळे क्लिफ रिचर्ड, एंगलबर्ट हम्परडिंक, पेट्युला क्लार्क यांची गोडी लागली, तर विहीणबाई फ्रेंच गाण्यांच्या वेड्या. एक संध्याकाळ गाण्यांची करावी असं ताईंच्या मनात आहे. यजमान म्हणतात, ब्रिटिश विरुद्ध फ्रेंच असा सामना लावू. मुलीने शंभर गाण्यांची यादी केली आहे आणि तिची सुरुवात एदित पिआफपासून आहे. विहीणबाईंच्या लग्नात ज्यावर त्या नाचल्या ते गाणं अचानक लावून त्यांना चकित करायचं, हाही बेत आहे. ताई विचारतात, ‘गाणी कळलीच नाहीत तर मजा काय? आणि मराठी बाई असून तुम्हाला इंग्रजी गाणी कशी आवडतात, असं त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?’

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची सगळी धाकधूक त्यातूनच आलेली दिसते. तुम्हाला वाटतं की विहीणबाईंची गाणी त्यांच्या घरची आणि तुमची मात्र उसनी. त्यांच्या घरची समजली जाणारी ही गाणी कुठून आली, ते थोडं बघू.

1960 नंतर फ्रान्समध्ये तरुण पोरांसाठी जे पॉप निघालं त्याला ‘येये’ म्हणतात. हे नावच इंग्रजी गाण्यांतल्या ‘येऽ, येऽ’ (yeah, yeah) वरून पडलं. त्या काळच्या फ्रेंच गायकांची कित्येक लोकप्रिय गाणी मुळात इंग्लंड-अमेरिकेची, फक्त शब्द फ्रेंच. तुमची पेट्युला क्लार्क इंग्लंडमधल्या सरी परगण्यातली. तिने क्लोद वोल्फ या फ्रेंच माणसाशी लग्न केलं आणि तिचं ‘डाउनटाउन’ हे गाजलेलं इंग्रजी गाणं येण्याआधीच ती फ्रेंचमध्ये गाऊन तिकडे तारका झाली होती. तिचे इंग्रजी वळणाचे उच्चार हाच तिकडच्या लोकांना तिचा गोडवा वाटे. पुढे जेन बर्किनचंही तेच झालं. जन्म लंडनचा, कारकीर्द पॅरिसची, आणि फ्रेंच शेवटपर्यंत इंग्रजी हेल काढून. उलट बाजूने पाहिलंत तर फ्रांस्वाज हार्दी ही पॅरिसची मुलगी 1964 पासून लंडनच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करत होती आणि 1965 मध्ये तिचं इंग्रजी गाणं ब्रिटनच्या पहिल्या वीसांत पोचलं.

थोडक्यात, त्या पिढीत परक्या भाषेतल्या गाण्यावर जीव जडणं ही दोन्हीकडची नेहमीची गोष्ट. तेव्हा विहीणबाईंनी विचारलंच, तर ‘भावाकडे रेकॉर्डी होत्या’ हे खरं उत्तर पुरे. हवं तर एवढं जोडा की क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा, एंगलबर्टचा मद्रासचा आणि पीटर सारस्टेडचा दिल्लीचा. पण जोडाल ते गंमत म्हणून. ‘हे सगळे आमचेच’ असं मिरवायला गेलात की गाणं राहतं बाजूला आणि चर्चा वेगळीच सुरू होते.

आता मुलीच्या यादीकडे वळू. पिआफ थोर, यात वाद नाही. पण ती ऑक्टोबर 1963 मध्ये गेली, तेव्हा विहीणबाई सहा वर्षांच्या. पिआफ ही त्यांच्या आईची गायिका. आठवणीतली गाणी काढायची तर एक साधा हिशेब फार उपयोगी पडतो. माणसाच्या जन्मसालात 12 मिळवा आणि 22 मिळवा, त्या दोन सालांमध्ये बहुतेक आवडती गाणी सापडतात. विहीणबाईंसाठी हा काळ येतो 1969 ते 1979 चा. म्हणजे जो दासाँ, क्लोद फ्रांस्वा, मिशेल फ्युगें, मिशेल सार्दू, फ्रांस्वाज हार्दीची 1973 ची गाणी आणि संगीतकार मिशेल बेर्जेबरोबर काम करू लागलेली गायिका फ्रान्स गाल. ज्यांच्या घरी असे पाहुणे यायचे आहेत त्या सगळ्यांनी हाच हिशेब करावा. 1965 चा जन्म असेल तर यादी पार बदलते. तिथे ‘व्होयाज व्होयाज’ आणि व्हानेसा पारादीच्या ‘जो ल टॅक्सी’चा काळ कडेला का होईना, येतो.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत मात्र हा हिशेब थोडा मागे सरकवावा लागेल. गाणी तुमच्याकडे थोरल्या भावामार्फत आली आणि रेकॉर्डी इथे पोचायला वेळ लागे, त्यामुळे तुमची आवड तुमच्या वयापेक्षा पाच-सात वर्षांनी जुनी आहे. म्हणून तुमचं 1966 आणि त्यांचं 1972 हे आठवणींच्या हिशेबात एकाच वयाचं आहे. हे लक्षात असू द्या. नाहीतर तुम्ही लावलेलं गाणं त्यांना ‘थोरल्या बहिणीच्या वेळचं’ वाटेल आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा थंडपणा तुम्ही उगाच मनाला लावून घ्याल.

आणखी एक. यादीत जाक ब्रेल असेल तर त्यांना फ्रेंच म्हणू नका. ते बेल्जियमचे. दालिदा कैरोत जन्मलेली, इटालियन घरातली. जो दासाँ न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला. अशा गोष्टींवर फ्रेंच माणूस चटकन दुरुस्ती करतो. तशी दुरुस्ती विहीणबाईंनी केली तर ती आनंदाने करू द्या, गप्पा तिथूनच फुलतात.

सामन्याची कल्पना मात्र सोडून द्या. यजमानांना सांगा की 1969 मध्ये माद्रिदला युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत ब्रिटनची लुलू आणि फ्रान्सची फ्रिदा बोक्कारा दोघी पहिल्या आल्या होत्या, शिवाय स्पेन आणि नेदरलँड्सही. चौघांना समान गुण आणि बरोबरी सोडवायचा नियमच नव्हता. तो वाद युरोपला सुटला नाही तर कोथरूडला कुठून सुटणार? गंमत बाजूला ठेवू. सामना म्हटला की प्रत्येक जण आपलं सर्वांत दणदणीत गाणं काढतो. जे गाणं खरं जवळचं असतं ते बहुधा हळू, साधं, कधी कधी थोडं बाळबोध असतं, आणि ते सामन्यात हरणार म्हणून बाहेरच येत नाही.

माझी शिफारस अशी आहे की सुरुवात इंग्लंड-फ्रान्समधली खाडी ओलांडलेल्या गाण्यांनी करा. म्हणजे एकच चाल, जी दोन्ही काठांवर गाजली. अशा चालीवर दोघींचा सारखाच हक्क, आणि भाषेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

यातली सर्वांत सोपी निवड ‘ले शाँझेलिझे’. जो दासाँचं 1969 चं हे गाणं फ्रान्समध्ये लहानथोर सगळ्यांना पाठ असतं. पण चाल मुळात इंग्रजी. जेसन क्रेस्ट नावाच्या ब्रिटिश गटाने 1968 मध्ये लंडनच्या ‘वॉटर्लू रोड’वर हे गाणं काढलं होतं आणि ते विशेष चाललं नाही. पिएर दलानोए यांनी फ्रेंच शब्द लिहिले आणि लंडनच्या रस्त्याचा पॅरिसचा राजरस्ता झाला. आधी इंग्रजी लावा, काही बोलू नका आणि विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहा. पहिल्या ध्रुवपदाला त्या ओळखतील. मग फ्रेंच लावा. ध्रुवपद इतकं सोपं आहे की तुमचे यजमानसुद्धा म्हणतील.

दुसरी जोडी तुमच्या घरातली: एंगलबर्टचं 1967 चं ‘द लास्ट वॉल्ट्झ’ आणि मिरेई मात्यूचं त्याच सालचं ‘ला देर्निएर वाल्स’. तिसरी, मेरी हॉपकिनचं 1968 चं ‘दोझ वेअर द डेज’. ही वेल्सची मुलगी, पॉल मॅकार्टनीने तिचं ध्वनिमुद्रण केलं, चाल रशियन. हॉपकिनने ते फ्रेंचमध्येही गायलं आणि दालिदानेही. विहीणबाईंना बहुधा दालिदाचं ठाऊक असेल. ‘डाउनटाउन’चं फ्रेंच रूपही पेट्युलानेच गायलं आहे, ‘दाँ ल ताँ’ या नावाने. चाल तीच, पण शहराच्या झगमगाटाऐवजी विषय जुन्या दिवसांचा.

शार्ल अझ्नावूरचं ‘शी’ तर मजेशीर प्रकरण आहे. एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेसाठी ते लिहिलं गेलं, 1974 मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्याचं फ्रेंच रूप खुद्द फ्रान्समध्ये तेवढं गाजलं नाही. त्यामुळे इथे उलटं होऊ शकतं, फ्रेंच गायक तुम्हाला जास्त ओळखीचा निघेल. आणि थोडं अनोळखी काही हवं असेल तर 1980 चं ‘दोने पूर दोने’ घ्या, त्यात फ्रान्स गाल आणि एल्टन जॉन एकत्र गातात.

‘कॉम दाबित्यूद’च्या बाबतीत जरा जपून. क्लोद फ्रांस्वाचं हे 1967 चं गाणं, इंग्रजी ‘माय वे’ची मूळ चाल. ‘माय वे’त एक माणूस आयुष्याकडे अभिमानाने मागे वळून पाहतो, म्हणून आपल्याकडे निवृत्तीच्या समारंभातही ते वाजतं. फ्रेंच गाण्यात मात्र एका जोडप्याचा रोजचा दिवस आहे: सकाळी उठणं, पांघरूण सारखं करणं, एकत्र असूनही प्रेम आटलेलं. इंग्रजीच्या भरवशावर ते लावायला जाल आणि समोर यजमान गेलेली बाई बसलेली असेल, हे विसरू नका.

तेच लग्नाच्या गाण्याचं. मुलीचा हेतू चांगला आहे, पण हा बेत रद्द करा. अशा गाण्याने डोळ्यांत पाणी येणं वाईट नसतं. मात्र ते कधी, कोणासमोर यावं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. नव्या घरी, दुसऱ्यांच्या भाषेत, सगळे आपल्याकडे टक लावून बघत असताना तर नकोच. जावयांनी आईला आधी फोनवर एवढंच विचारावं: ‘आई, गाण्यांची संध्याकाळ आहे, तुझी पाच गाणी तू निवड. एखादं नको असेल तर तेही सांग.’ त्यांनी ते गाणं पाचांत दिलं तर उत्तम. नाही दिलं तर तो विषय कोणीही काढू नये. आणि त्या रडल्याच तर गाणं मध्येच बंद करू नका. बंद केलं की रडणाऱ्यालाच संकोच वाटतो. संपू द्या, मग चहा ठेवा.

‘गाणी कळलीच नाहीत तर?’ असं तुम्ही विचारता. चौदाव्या वर्षी भावाच्या रेकॉर्डीवर टॉम जोन्स ऐकताना सगळे शब्द कळत होते का? शब्द कळायला लागण्याआधी आवाज आवडला होता. तरीही थोडी सोय हवीच. गाणं चालू असताना मुलीने भाषांतर करू नये, त्यात गाणंही जातं आणि अर्थही. गाण्याआधी दोन वाक्यं पुरेत: कोण कोणाला काय म्हणतंय, आणि शेवटी काय होतं. हार्दीच्या 1962 च्या ‘तू ले गार्सों ए ले फीय’बद्दल एवढंच सांगितलं की माझ्या वयाची सगळी मुलंमुली जोडीने हिंडतात आणि मी एकटीच, तर पुढचं सगळं तिचा आवाज सांगतो. अठरा वर्षांची मुलगी, गिटार, जेमतेम साथ. बास. ध्रुवपद मात्र देवनागरीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवा, म्हणजे सगळ्यांना सूर धरता येईल. उच्चार जावयांकडून तपासून घ्या.

तुमच्या बाजूने मी एक गाणं नक्की घेईन. पीटर सारस्टेडचं ‘व्हेअर डू यू गो टू’, 1969. गाणारा दिल्लीत जन्मलेला ब्रिटिश, आणि गाणं पॅरिसमध्ये बडी झालेल्या एका मुलीचं. ते नावांनी खच्चून भरलेलं आहे: नर्तकी झिझी जाँमेर, कपडे शिवणारे बाल्मां, बुलव्हार साँ-मिशेल, गायक साशा दिस्तेल, सोर्बोन विद्यापीठ, रिव्हिएरावरचं ज्यूआँ-ले-पें. तुम्ही ही नावं पन्नास वर्षं ऐकत आलात, ती कोण हे विहीणबाईंना घरबसल्या माहीत आहे. गाणं पावणेपाच मिनिटांचं आहे. दोनदा लावा. दुसऱ्या वेळी प्रत्येक नावाला थांबवून त्यांना विचारा. तुमच्या आवडत्या गाण्यातल्या जाणकार त्या होतात, यापेक्षा चांगला पाहुणचार मला सुचत नाही.

दोन गाणी टाळा. एक, गेन्सबूर-बर्किनचं 1969 चं ‘ज तेम’. बीबीसीने बंदी घातली तरी ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. त्यातले सुस्कारे मात्र व्याह्यांच्या बैठकीत नकोत. दुसरं, फ्रान्स गालचं 1966 चं ‘ले स्युसेत’. वरून लॉलीपॉपचं बालगीत, आत द्वयर्थ. तो अर्थ कळल्यावर आपल्याला फार लागलं असं तिने स्वतः पुढे सांगितलं. तिची मिशेल बेर्जेंच्या काळातली गाणी घ्या, 1974 चं ‘ला देक्लारास्यों दामूर’ किंवा 1977 चं ‘सी मामाँ सी’. विहीणबाईंच्या सालांत तीच बसतात.

शंभर गाण्यांचं काय? त्या काळचं गाणं साधारण तीन मिनिटांचं. बारा गाणी म्हणजे छत्तीस मिनिटांचं संगीत. मध्ये गप्पा धरल्या तर त्यात दोन तास सहज जातात. म्हणून सुरुवातीला खाडी ओलांडलेली दोन, मग पाच त्यांची आणि पाच तुमची, आळीपाळीने. उरलेली अठ्ठ्याऐंशी मुलीच्या फोनमध्ये राहू देत, मागणी आली तर आहेतच. ज्याची पाळी त्याने गाणं लावायचं आणि पहिलं कडवं संपेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. गाणं झाल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका, त्याला ‘छान’शिवाय उत्तर नसतं. ‘रेकॉर्ड प्लेअर कोणाचा होता?’, ‘घरात हे कोणाला आवडत नव्हतं?’, ‘कोणाबरोबर नाचायचात?’ असे प्रश्न विचारा. त्यांना बोलायला विषय मिळतो.

आता यंत्रांचं. सर्वांत जास्त घोटाळा चुकीच्या ध्वनिमुद्रणाने होतो. त्या काळच्या पुष्कळ गायकांनी म्हातारपणी तीच गाणी पुन्हा गायली आणि स्वस्त संकलनांत तीच भरलेली असतात. आवाज जाड, ताल यंत्राचा, आणि ऐकणारा म्हणतो, ‘हे ते नाही.’ ‘डाउनटाउन’चं 1988 चं नवं मिश्रणही चांगलंच चाललं होतं. ते लागलं तर तुम्हालाच चुकल्यासारखं होईल. मूळ सालाचा अल्बम शोधा, गाण्याची लांबी पाहा आणि प्रत्येक गाण्याची पहिली वीस सेकंदं आदल्या दिवशी ऐकून घ्या. हार्दीने तीच गाणी इंग्रजी, इटालियन, जर्मनमध्येही गायली आहेत, त्यामुळे भाषा तपासा. मूळ स्पेलिंग जावयांकडून मागवा. गाणी फोनवर उतरवून ठेवा, म्हणजे मध्येच जाहिरात येणार नाही, आणि एक गाणं संपताच आपोआप दुसरं सुरू होण्याची सोय बंद करा.

गाडीत किंवा गच्चीत दोघी एकाच इयरफोनची एकेक बाजू लावून बसणार असाल तर एक अडचण येते. 1960 नंतरच्या सुरुवातीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत कित्येकदा आवाज एका बाजूला आणि ढोल-गिटार दुसऱ्या बाजूला टाकलेले असतात. मग एकीला नुसती गायिका ऐकू येते आणि दुसरीला नुसता ताल. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करा. दोघींना पूर्ण गाणं मिळेल. खोलीत एकच बरा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीवर ठेवलेला, पुरे. आवाज एवढाच ठेवा की शेजारच्या माणसाशी ओरडावं लागू नये. या वयात कानाला मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट आवाज लागतो.

विहीणबाई जुन्या रेकॉर्डी घेऊन आल्या तर त्या बघायलाही मजा येईल. फ्रान्समध्ये 1960 नंतरची काही वर्षं छोट्या रेकॉर्डीवर दोन नाही, चार गाणी असत आणि वर गायकाचा रंगीत फोटो. ब्रिटिश दोन गाण्यांच्या रेकॉर्डी बहुधा कंपनीच्या साध्या कागदी पाकिटात. भावाचा प्लेअर अजून असेल तर आधी सुई पाहा. जुन्या रेकॉर्ड-चेंजरवर सुई फिरवायची खुंटी असते, एक बाजू मिनिटाला 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डीची, दुसरी एलपीची. 45 फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड एलपीच्या बाजूनेच वाजवायची. सुईच्या वयाची खात्री नसेल तर त्यांच्या रेकॉर्डी लावू नका, चरा कायमचा पडतो.

तीन आठवड्यांत एखादी सहल करणारच असाल तर पाचगणी धरा. पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारचा फारूख बलसारा, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड त्याने तिथेच काढला. क्वीन फ्रान्समध्ये ठाऊक नसलेलं घर विरळा. चालती शाळा आहे, परवानगीशिवाय आत जाता येणार नाही. आधी फोन करून विचारा, नाही म्हणाले तर बाहेरून पाहा आणि टेबललँडवर जा. वाटेत गाडीत काय लावायचं हे विहीणबाईंना ठरवू द्या.

त्या परत गेल्यावर आठवड्याला एकच गाणं पाठवायचं ठरवा, एका रविवारी त्यांनी, पुढच्या रविवारी तुम्ही. सोबत गाण्याचं साल आणि एक ओळ, ते कुठे ऐकलं होतं त्याची. एका दिवशी पाच-पाच दुवे पाठवू लागलात तर महिन्याभरात कोणी उघडणार नाही.